पलटून पाहणारी जिजी

जिजी कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी ती पालथी करायची. वांगं बुडाकडून बघायची. भाकरी ताटात पडली की उचलून तिची खालची बाजू बघायची, मग तुकडा मोडायची. साडीच्या दुकानात दुकानदार पदर फैलावून बसलेला असायचा आणि ही काठ उलटा करून मागचे धागे मोजल्यासारखी बघत राहायची. माझं लग्न झालं तेव्हा माझी बायको मंगल नवी नवरी म्हणून शेजारच्या जिजीच्या पाया पडायला गेली. जिजीने तिला उठवलं, हातावरची मेंदी बघितली आणि लगेच हात पालथा केला. "वरून बरी हाये, मांगून बी बरी हाये. ठेव रे मास्तर." जणू काही पसंत नाही पडली तर परत करायच्या बोलीवर मी मंगलला आणली होती!

आमचं घर अमडापुरात, आणि जिजीची नि आमची भिंत एकच. गावाबाहेर तिचं दीड एकराचं भाजीचं वावर होतं. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर हो. आठवडी बाजारात ती स्वतः टोपलं घेऊन बसायची. तिचं खरं नाव काय होतं ते मला ती गेल्यावर कळलं, तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, पत्रिकेवर छापलेलं बघून. गावाला ती जिजी, आणि तिला मी 'मास्तर'.

मास्तर म्हणजे ड्रॉइंगचा मास्तर. तेही विनाअनुदानित शाळेतला. ज्यांच्या घरात असा एखादा मास्तर आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. बारा वर्षं आम्ही सगळे अनुदानाची वाट बघत होतो. दर अधिवेशनात ते येणार असायचं. शाळेत मी सफरचंद आणि केळी काढायला शिकवायचो, आणि घरी पोटापाण्यासाठी रुखवत करायचो.

त्याची सुरुवात माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात झाली. मुलीने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या, म्हणजे रुखवत. पण बहीण बी.एड.ची परीक्षा देत होती. मग तिच्या हाताऐवजी मी माझा हात लावला. पुठ्ठ्याची बैलगाडी केली, सुपारीची सप्तपदी केली, नारळाचे भटजी केले, मोत्यांची डोली केली. लोक म्हणाले, पोरीच्या हातात काय कला आहे! मी कोपऱ्यात उभा राहून लाजलो. पुढच्या हंगामात चार लग्नं आली, त्याच्या पुढच्या हंगामात अकरा. पानठेल्यावर पोट्टे म्हणायचे, "सर, तुमचं रुखवत तं झालं, आता लगन कवा?" हसा लेको, हसा. मी मनातल्या मनात त्याला रुखवत म्हणतच नव्हतो. मी त्याला 'वेडिंग डेकोर' म्हणायचो.

माझा पहिला मोठा सेट बघायला जिजी आली. मला वाटलं, आता तोंडात बोट घालते की नाही बघा. तिने बैलगाडी उचलली आणि अर्थातच पालथी केली. खाली ग्लूगनच्या गरम गोंदाचे ओघळ वाळलेले होते, आणि पुठ्ठा बिस्किटांच्या खोक्याचा असल्यामुळे त्यावरचं चित्रही तसंच होतं.

"वरून लगन अन् खालून किराना," जिजी म्हणाली.

"जिजी, खाली कोण बघतं?"

"म्या पाह्यलं ना आता!"

मला राग आला. कलावंताला येतो तसा आला. तिला कलेतलं काय कळतं, असं मी मंगलला आत जाऊन सांगितलं. मंगल पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "किराणा संपलाय, तेवढा आणा."

शेवटी एका वर्षी मी ठरवलं की नोकरी सोडायची आणि पूर्णवेळ हाच धंदा करायचा. राजीनामा दिला त्या संध्याकाळी जिजीला सांगायला गेलो. ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. मला वाटलं, थांबवेल. मला कोणीतरी थांबवावं असं फार वाटत होतं. पण ती म्हणाली, "जमन तुले. पन अर्धं सोडू नको, मास्तर. एक पाय वांग्यात अन् एक पाय मेथीत ठिवून निंदन होत नाई."

"पूर्ण सोडलं, जिजी."

"हाव?"

"हाव."

तिने माझ्याकडे बघितलं. बरं की माणूस पालथा करून बघता येत नाही, नाहीतर तेव्हाच सगळं कळलं असतं. कारण येताना मी शाळेच्या स्टाफरूमबाहेरची माझी पत्र्याची पाटी स्क्रू काढून घरी आणली होती. 'कलाशिक्षक' असं स्वतःच्या हाताने रंगवलेली. असू द्या म्हटलं, काही सांगता येत नाही.

पूर्णवेळ धंदा म्हटल्यावर माझ्या अंगात मोठमोठे विचार संचारले. पहिला विचार स्टिकरचा. सेट मी भाड्याने द्यायचो. ते लग्नाहून परत येताना वस्तू इकडच्या तिकडे व्हायच्या, म्हणून मी चिखलीहून गोल सोनेरी स्टिकर छापून आणले आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाला लावले. 'सेट क्र. ३. नाजूक. परत करणे.' खाली माझा मोबाइल नंबर. जिजीने सवयीप्रमाणे तुळशीवृंदावन पालथं केलं आणि स्टिकरवर नख घासलं. तिला वाचता येत नव्हतं.

"हे काय चिटकवलं?"

"जिजी, याला सिस्टीम म्हणतात."

"अन् मांडवात कोनी पलटवून पाह्यलं तं?"

"तुझ्याशिवाय अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी पलटवून बघत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तो घडा मी.

त्याच हंगामात जिजीच्या नातीचं, पूजाचं लग्न निघालं. जिजीची लेक डोणगावात दिलेली, तिची ही मुलगी. नवरदेव मलकापूरचा, कापसाच्या व्यापारातलं खातंपितं घर. रुखवत अर्थातच माझ्याकडे. फक्त जिजीची एक अट होती, की एक तरी वस्तू पूजाने स्वतः करायची. पूजा नर्सिंग शिकत होती, तिने इंजेक्शनाखेरीज कशात सुई घातली नव्हती. तरी जिजीने तिला बसवून घेतलं आणि आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चुंबळ शिवायला लावली. चुंबळ म्हणजे डोक्यावर घागर, टोपलं ठेवताना खाली घ्यायचं ते कापडाचं गोल कडं. पूजाची चुंबळ गोल सोडून बाकी सगळ्या आकाराची झाली होती.

"हे मधात मांडजो," जिजी मला म्हणाली.

मधात! माझा सगळा सेट फिकट गुलाबी आणि सोनेरी. त्यात मधोमध शेवाळी रंगाचा हा वाकडा वेटोळा? मी "हो हो" म्हटलं आणि लग्नाच्या दिवशी चुंबळ टेबलाखाली, मखमली झालरीच्या आत सारून दिली. डिझाइनचं पावित्र्य राखायला नको का?

डोणगावचा मांडव भरलेला. वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे नवरदेवाची आत्या. उंच, जाड काचांचा चष्मा, नऊवारी, आणि चालणं असं की बाकीच्या आपोआप मागे राहत होत्या. तिने सप्तपदी बघितली, डोली बघितली, मान डोलावली. मी कूलरजवळ उभा राहून ते डोलणं मोजत होतो. मग तिने पूजाला विचारलं, "हे समदं तू केलं काय व माय?"

पूजाने खाली बघून "हो" म्हटलं. यात पूजाची काही चूक नाही. सगळ्याच मुली म्हणतात. सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी पुढे विचारत नाही, ही आपली रीतच आहे.

आत्याने बैलगाडी उचलली आणि पालथी केली.

चष्मा सावरून तिने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "सेट क्रमांक तीन. नाजूक. परत करने." मग पूजाच्या आईकडे वळून ती म्हणाली, "काऊन हो विहीनबाई, नवरी बी परत करा लागते काय?"

वरपक्ष हसला. तसं हसणं वाईट नसतं, लग्नात चालतं. पण पूजाचा चेहरा पांढरा पडला. तिच्या आईने पदर तोंडाला लावला. मागून कोणीतरी म्हणालं, पहिल्याच दिवशी खोटं बोलली सून. ते ऐकलं आणि माझं ओढूनताणून आणलेलं हसू कुठल्या कुठे गेलं. हे एक वाक्य त्या मुलीच्या मागे मलकापूरला जाणार होतं आणि तिच्या आयुष्यभर तिथेच राहणार होतं. आणि ते तिला चिकटवलं होतं मी, माझ्या सिस्टीमने.

एवढ्यात जिजीचा आवाज आला. "मास्तर, चुंबळ कोठी हाये?"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मग काय करता? मी गुडघ्यावर बसलो आणि झालरीखाली शिरलो. आत अंधार, वायरी, आणि डोक्याला टेबलाचा खिळा. बाहेर आलो तेव्हा केसांत जरीचे तुकडे अडकलेले आणि हातात ती चुंबळ. जिजीने माझ्याकडे असं बघितलं की तसं माझ्या आईनेही कधी बघितलं नव्हतं. चुंबळ घेऊन ती सरळ आत्यासमोर गेली.

"बाकीचं भाड्याचं हाये, बाई. लपवलं ते आमचं चुकलं. हे तेवढं पोरीच्या हातचं हाये. पलटवा."

आत्याने चुंबळ पालथी केली. दोन म्हाताऱ्या त्या चिंधीवर वाकल्या. आत्याने टाक्यांवरून बोट फिरवलं. सुरुवातीचे टाके हातभर लांब, कुठे दोरा तुटून गाठ मारलेली, एका जागी सुई टोचून पडलेला रक्ताचा तपकिरी ठिपका. शेवटाकडे टाके बारीक होत गेलेले.

"शिकली म्हनायची पोट्टी शेवटी शेवटी," आत्या म्हणाली. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, रुखवतातला पाण्याने भरलेला तांब्याचा कलश उचलून वर ठेवला आणि हात सोडून मांडवात चार पावलं चालली. कलश हलला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पूजा रडता रडता हसायला लागली.

"हे बी परत करा लागते काय?" आत्याने विचारलं.

"नाई," जिजी म्हणाली. "हे पोरीसंगं येते."

पूजा वाचली. मी नाही वाचलो. आत्याच्या त्या वाचनाचा व्हिडिओ मी अमडापूरला पोहोचायच्या आधी पोहोचला होता. मेहकरपासून मलकापूरपर्यंत मी 'परत करणे सर' झालो. ठरलेली लग्नं एकेक करून नाही म्हणाली, तीही गोड बोलून. आणि दैवाचा विनोद असा, की त्याच महिन्यात शाळेला अनुदान मिळालं. बारा वर्षं जे आलं नाही ते माझ्या राजीनाम्यानंतर आठ महिन्यांत आलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मी ज्यांना सोडून आलो ते मास्तर पेढे घेऊन माझ्याच घरी आले. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, जागा भरलेली नाही, अर्ज करून बघा. मी त्या दिवशीच अर्ज लिहिला. अक्षर माझं सुंदर आहेच. घडी करून पँटच्या खिशात ठेवला.

जिजीने मला टेबलाखालच्या त्या प्रकाराबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. पंधरा दिवसांनी ती गल्लीतल्या दोन लग्न ठरलेल्या पोरींना घेऊन माझ्या अंगणात आली. "यायले शिकव."

"जिजी, शिकवणं सोडून मी धंद्यात पडलोय."

"पडला ते तं दिसूनच राह्यलं. आता उठ. तू तुह्या हातानं काई करू नको. यायले करू दे."

तेव्हापासून माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम सुरू झालं, ते म्हणजे हाताची घडी घालून बसणं. पोरी रेघ वाकडी मारायच्या, मोती उलटे ओवायच्या, आणि माझी बोटं शिवशिवायची. मी आराखडा काढून द्यायचो, सामान द्यायचो, कसं धरायचं ते दाखवायचो. करायच्या त्या. जिजी वावरातून येताना दारात थांबायची, प्रत्येकीची वस्तू पालथी करायची आणि पसंत पडली तर नुसतं "हं" म्हणायची. त्या 'हं'साठी पोरी एकेक टाका दोनदा उसवायच्या. भाड्याचं रुखवत असंच बंद झालं. लग्नाआधी आठ दिवस मुली माझ्याकडे बसायला लागल्या, सोबत मैत्रिणी, मावश्या, खिदळणं. डोणगावहून आल्या, चिखलीहून आल्या. एक दिवस मलकापूरहून एक मुलगी आली आणि म्हणाली, आत्याबाईंनी पाठवलं. कोणत्या आत्याबाई ते मी विचारलं नाही.

अंगण पुरेना तेव्हा बसस्टँडजवळ खोली घेतली. बोर्ड मी स्वतः रंगवला. नारळ फोडायला जिजीला बोलावलं. चार लोक जमले. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला. ती सरळ तिकडे गेली.

"पलटव."

"जिजी, बोर्डाला कसली मागची बाजू?"

"पलटव म्हनते ना."

पलटवला. बोर्डाचा मधला पत्रा म्हणजे माझी शाळेची पाटी होती. नवा पत्रा कशाला घ्या, हे मी स्वतःला दिलेलं कारण. जिजीने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिहलं हाये?"

"जुनं काहीतरी."

"वाच."

बसस्टँडवर चार माणसांसमोर मी माझं नाव वाचलं आणि पुढे 'कलाशिक्षक' वाचलं.

"म्हंजे एक पाय मेथीतच हाये अजून."

मी म्हणालो, तसं काही नाही, पत्रा चांगला होता. तेवढ्यात मंगल शांतपणे म्हणाली, "अर्जपण आहे, जिजी. पँट धुताना दरवेळी मी काढून ठेवते आणि वाळली की परत ठेवते." अशी बायको शत्रूलाही न मिळो!

जिजी हसली नाही. तिने कमरेला खोचलेलं खुरपं काढलं, माझ्या हातात दिलं आणि पायरीवर बसली. मी बोर्ड आडवा टाकला आणि घासायला लागलो. माझा रंग पक्का, मी कधी खोटा रंग वापरला नाही. सहजासहजी निघेना. मधेच एकदा मी मान वर केली, 'पुरे' म्हणेल म्हणून. ती म्हणाली, "नावाचं राहू दे. मास्तरकी घास." शेवटचं अक्षर निघेपर्यंत ती उठली नाही, आणि नारळ तसाच वाट बघत राहिला. अर्जाचं मंगलने पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

आता सातेक वर्षं झाली. धंदा उभा आहे. मोठा नाही, पण आमचं घर त्यावर चालतं, आणि माझे दोन्ही पाय त्यात आहेत.

जिजी गेल्या हिवाळ्यात गेली. साधा ताप, मग छाती, आणि मग आठवड्यात सगळं आटोपलं. तेरवीसाठी फोटो करायचं काम माझ्याकडे आलं. तिचा धड असा एकच फोटो होता, पूजाच्या लग्नातला. त्यात ती माझ्याकडे रागाने बघते आहे, म्हणजे मी टेबलाखालून निघालो तो क्षण. तो कसा लावणार? मग आत्याच्या वाचनाच्या त्या व्हिडिओतला पुढचा एक क्षण काढला, कलश डोक्यावर घेऊन आत्या चालते आहे आणि जिजी हसते आहे. पुढची चौकट अर्ध्या तासात झाली. मागच्या बाजूला मला दोन दिवस लागले. तिच्या लेकीकडून त्या हिरव्या लुगड्याचा उरलेला तुकडा मागून आणला आणि पाठीला ताणून हाताने शिवला. मला शिवण येत नाही. आयुष्यभर चिकटवत आलो. मंगल म्हणाली, भिंतीला लागणारी बाजू ती, कोण बघणार? मी म्हटलं, बघणारी गेली ना, म्हणून तर. आणि मग मला फार रडू आलं, ते मी मंगलपासून लपवलं नाही.

तेरवीला पूजा आली, आणि तिच्यासोबत मलकापूरची आत्याही आली. आता ती काठी घेऊन चालते. फोटो अजून पाटावरच होता. हार घालायच्या आधी तिने काठी पूजाकडे दिली, फोटो दोन्ही हातांनी उचलला आणि पालथा केला. चष्मा सावरून माझ्या वाकड्या टाक्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मी हात पुसत उभा होतो.

"हं," ती म्हणाली आणि फोटो माझ्या हातात दिला. मी तो भिंतीला लावला.